किनाऱ्यापुरती नौसेना: युद्धकाळातील स्त्रियांची आरमारी सेवा आणि कोल्हापूरचा मुलूख

वारणा आणि पंचगंगा या नद्यांच्या दरम्यान, सह्याद्रीच्या पूर्वेकडील पठारी उतारावर वसलेल्या हातकणंगले तालुक्याचा समुद्राशी संबंध जोडणे आज काहीसे ओढूनताणून केल्यासारखे वाटेल. परंतु हा मुलूख ज्या कोल्हापूर संस्थानात मोडत होता, त्या संस्थानाला १८१२ पर्यंत स्वतःचे बंदर, स्वतःचा जलदुर्ग आणि स्वतःचे आरमार होते, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे घाटमाथ्यावरील या प्रदेशाच्या इतिहासात समुद्राला जागा का द्यावी लागते, हे उमगते. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये पायाभरणी केलेला मालवणजवळचा सिंधुदुर्ग हा किल्ला मराठी राज्याच्या वाटणीनंतर कोल्हापूरच्या गादीकडे आला आणि जवळजवळ शंभर वर्षे तिच्याकडे राहिला. या काळात कोल्हापूरच्या राज्यकारभाराची सूत्रे एकाहून अधिक वेळा स्त्रीच्या हाती होती, त्यामुळे आरमार व स्त्री यांच्या संबंधाचा विचार मुंबईच्या गोदीपासून सुरू न करता पन्हाळगडापासून सुरू करणे अधिक योग्य ठरते.

राजाराम महाराजांच्या मृत्यूनंतर, १७०० पासून पुढे, औरंगजेबाशी चाललेला लढा त्यांच्या ज्या राणी ताराबाईंनी चालवला, त्यांच्या पक्षात आरमाराचे सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख, कान्होजी आंग्रे काही काळ होते. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी त्यांना साताऱ्याच्या शाहू महाराजांकडे वळवले आणि कोकणच्या उत्तर किनाऱ्यावरील आरमारी बळ ताराबाईंच्या हातून गेले. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर सत्तापालट होऊन खुद्द ताराबाईही अधिकारावरून दूर झाल्या. ज्या सेनापती धनाजी जाधवांचा पक्षबदल ताराबाईंना त्याआधी महागात पडला होता, त्यांची समाधी हातकणंगले तालुक्यातील पेठ वडगाव येथे आहे, हे येथे जाता जाता नोंदवण्यासारखे आहे. कोल्हापूरकडे उरले ते दक्षिण कोकणातील मालवण आणि सिंधुदुर्ग, आणि त्या बंदरातून निघणारी गुराबे व गलबते. गुराब हे तोफा चढवलेले दोन-तीन डोलकाठ्यांचे लढाऊ जहाज, तर गलबत त्याहून लहान, वल्ह्यांनीही चालवता येणारे आणि म्हणून वारा पडला असता अधिक घातक.

१७६० च्या डिसेंबरात कोल्हापूरच्या संभाजी महाराजांचे निधन झाल्यावर त्यांच्या राणी जिजाबाई यांनी दत्तक घेतलेल्या अल्पवयीन वारसाच्या नावाने राज्य चालवले आणि १७७३ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या मृत्यूपर्यंत, सत्ता सोडली नाही. या तेरा वर्षांत मालवणच्या आरमाराने इंग्रज व्यापाऱ्यांच्या जहाजांना दिलेला उपद्रव ईस्ट इंडिया कंपनी सरकारच्या कागदपत्रांत चाचेगिरी म्हणून नोंदला गेला आहे. आपल्या पाण्यातून जाणाऱ्या जहाजाने परवाना घ्यावा, नाही तर ते पकडले जावे, हा हक्क पोर्तुगीज आणि खुद्द इंग्रजही बजावीत असताना तो कोल्हापूरने बजावला म्हणजे तेवढी चाचेगिरी, असे का मानावे, हा प्रश्न त्या कागदपत्रांच्या लेखकांना पडलेला दिसत नाही. १७६५ मध्ये मेजर गॉर्डन आणि कॅप्टन जॉन वॉटसन यांच्या हाताखाली कंपनीने मोहीम पाठवून सिंधुदुर्ग घेतला व त्याला फोर्ट ऑगस्टस असे नाव दिले. पण हा किल्ला राखणे परवडेना आणि पाडणे जमेना, तेव्हा लाखो रुपयांची भरपाई आणि व्यापाराला त्रास न देण्याची हमी घेऊन पुढच्याच वर्षी तो जिजाबाईंच्या दरबाराला परत केला गेला. पुढे १ ऑक्टोबर १८१२ च्या तहाने मालवण कायमचे इंग्रजांकडे गेले आणि कोल्हापूर संस्थान भूवेष्टित झाले.

१७६५ च्या मोहिमेत कंपनीच्या बाजूने लढलेले आरमार बॉम्बे मरीन या नावाने ओळखले जात असे. तेच पुढे नावे बदलत बदलत १९३४ मध्ये रॉयल इंडियन नेव्ही, म्हणजे शाही हिंदी नौदल, झाले. कोल्हापूरच्या एका राणीच्या आरमाराशी झुंजलेल्या याच संस्थेने पावणेदोनशे वर्षांनी हिंदी स्त्रियांना गणवेश देऊन नोकरीत घेतले, मात्र दोन्ही प्रसंगांत फरक असा की जिजाबाईंकडे आरमाराचा हुकूम होता आणि १९४० नंतरच्या स्त्रियांकडे केवळ नोकरी. कोल्हापूरच्या आरमारात तांडेल, सारंग किंवा खलाशी म्हणून स्त्रिया असल्याचा पुरावा नाही. स्त्री होती ती गादीवर. दर्यावर्दी जातींतील स्त्रिया मासळी, मीठ, जाळी आणि किनाऱ्यावरचा व्यवहार सांभाळीत, आणि जहाजावर चढणे हे पुरुषाचे काम, ही विभागणी राणी सत्तेवर असतानाही बदलली नाही.

स्त्रियांना नौदलाच्या नोकरीत घेण्याची कल्पना विसाव्या शतकातील पहिल्या महायुद्धात पुढे आली, आणि तीही समतेच्या विचारातून आली नसून माणसांच्या टंचाईतून आली. अमेरिकेने मार्च १९१७ पासून कारकुनी कामासाठी स्त्रियांची नौदलात भरती सुरू केली आणि युद्ध संपेपर्यंत त्यांची संख्या अकरा हजारांवर गेली. १९१६ च्या कायद्यात नौसैनिक पुरुषच असावा अशी अट राहून गेली होती, म्हणून हे शक्य झाले, आणि १९२५ च्या कायद्याने ती अट घालून पळवाट बंद करण्यात आली. ब्रिटनने नोव्हेंबर १९१७ मध्ये विमेन्स रॉयल नेव्हल सर्व्हिस हे दल उभारले, १९१९ मध्ये ते मोडले, आणि दुसऱ्या युद्धाची चाहूल लागताच एप्रिल १९३९ मध्ये पुन्हा उभे केले. पहिल्या युद्धातील या दलाचे ब्रीद ‘कधीही समुद्रावर नाही’ अशा अर्थाचे होते, यावरून नौदलात असूनही नौकेवर नसणे ही स्त्रियांच्या सेवेची मूळ अट होती, हे स्पष्ट होते. युद्ध आले की दार उघडायचे आणि युद्ध सरले की लावून घ्यायचे, हा प्रकार दोन्ही देशांत घडला आणि तिसऱ्यांदा तो भारतात घडला.

एप्रिल १९४२ च्या पहिल्या आठवड्यात जपानी विमानांनी कोलंबो, विशाखापट्टण आणि काकीनाडा येथे बॉम्ब टाकले. त्याच महिन्यात हिंदुस्थान सरकारने वटहुकूम काढून विमेन्स ऑक्झिलिअरी कोअर, म्हणजे स्त्रियांचे साहाय्यक दल, स्थापन केले. हे दल मुख्यतः भूसेनेसाठी होते, परंतु विमानदल व नौदल यांनाही त्यातून स्त्रिया पुरवल्या जात, आणि या दलाच्या नौदल विभागाला पुढे विमेन्स रॉयल इंडियन नेव्हल सर्व्हिस हे स्वतःचे नाव मिळाले, ज्याचे बोलण्यातील रूप ‘रिन्स’ असे झाले. १९३९ मध्ये शाही हिंदी नौदलाचे मनुष्यबळ दोन हजारांच्या आसपास होते. युद्धाच्या अखेरीस ते पंचवीस हजारांच्या वर गेले. इतक्या वेगाने वाढणाऱ्या दलाला जहाजांइतकीच गरज होती ती संदेश लिहून घेणाऱ्या, ते सांकेतिक लिपीत घालणाऱ्या आणि त्यातून सोडवणाऱ्या, नकाशावर जहाजांच्या जागा नोंदवणाऱ्या, भांडारांचे हिशेब ठेवणाऱ्या आणि दूरध्वनीच्या पाटीवर बसणाऱ्या माणसांची. हे सर्व काम जमिनीवरचे, आणि ते करणाऱ्या प्रत्येक स्त्रीमागे एक पुरुष जहाजावर पाठवता येतो, असे हे गणित होते.

त्यातील दोन कामांचे स्वरूप समजून घेतल्याशिवाय या स्त्रियांच्या सेवेचे मोल कळत नाही. सांकेतिक लेखन म्हणजे साध्या मजकुराचे, ठरलेल्या संकेतपुस्तकाच्या आधारे, शत्रूला न कळणाऱ्या अक्षर किंवा अंकसमूहांत रूपांतर करणे. एक अंक चुकला तर सारा संदेश निरर्थक होतो आणि एखादी गोष्ट बाहेर बोलली गेली तर सारा ताफा धोक्यात येतो, म्हणून अचूकता आणि मौन हे दोन्ही गुण त्यात सारखेच लागत. स्थाननोंदीचे काम म्हणजे बिनतारी यंत्राने आलेल्या माहितीवरून भिंतीवरच्या किंवा टेबलावरच्या मोठ्या नकाशात आपली जहाजे, मित्रराष्ट्रांचे ताफे आणि शत्रूच्या पाणबुड्यांचा संशय असलेल्या जागा तासातासाने मांडत राहणे. हिंदी महासागरात जर्मन आणि जपानी पाणबुड्या फिरत असताना, तांदूळ, तेल, दारूगोळा आणि सैनिक वाहणाऱ्या जहाजांना कोणत्या मार्गाने न्यावे, हा निर्णय अधिकारी घेत. पण तो ज्या नकाशाकडे पाहून घेत, तो नकाशा अनेकदा या स्त्रियांनी मांडलेला असे. युद्धाच्या इतिहासग्रंथांत निर्णयाला प्रकरण मिळते आणि नकाशाला तळटीपही मिळत नाही.

या दलाच्या अधिकाऱ्यांची पदे ब्रिटिश स्त्री-नौदलाच्या धर्तीवर होती: थर्ड ऑफिसर, सेकंड ऑफिसर, फर्स्ट ऑफिसर, चीफ ऑफिसर. त्यांतील सेकंड ऑफिसरचा दर्जा साधारणपणे नौदलातील लेफ्टनंटइतका समजला जाई. कल्याणी सेन या सेकंड ऑफिसर १९४५ मध्ये चीफ ऑफिसर मार्गारेट कूपर यांच्यासह ब्रिटनला गेल्या आणि तेथील स्त्री-नौदलाचे प्रशिक्षण व प्रशासन कसे चालते याचा त्यांनी तुलनात्मक अभ्यास केला. ब्रिटनला भेट देणाऱ्या त्या पहिल्या हिंदी सेवादल-स्त्री ठरल्या. जून १९४५ मध्ये स्कॉटलंडमधील रोसाइथच्या नौदल तळावर घेतलेले त्यांचे साडीतील छायाचित्र आजही या दलाची ओळख म्हणून वापरले जाते. गणवेश म्हणून साडीची मुभा देणे ही सवलत वरवर किरकोळ वाटते, पण मध्यमवर्गीय हिंदू किंवा पारशी घरातील मुलीच्या पालकांचे मन वळवण्यात तिचा वाटा मोठा असणार, असे मानण्यास जागा आहे.

तरीही भरतीचा मोठा भाग अँग्लो-इंडियन, ख्रिस्ती आणि युरोपीय स्त्रियांचाच राहिला. साहाय्यक दलाच्या अटी दोन प्रकारच्या होत्या: स्थानिक सेवेत स्त्रीने आपल्या घरी राहून गावातल्याच कचेरीत काम करायचे, तर सर्वसाधारण सेवेत तिला देशात कोठेही पाठवता येत असे. स्थानिक सेवेचा लाभ मुंबई, कराची, कलकत्ता, मद्रास अशा शहरांतील मुलींनाच घेता येण्यासारखा होता, आणि इंग्रजीचे चांगले ज्ञान ही बहुतेक कामांची पहिली पायरी होती. हातकणंगले, वडगाव किंवा इचलकरंजीच्या मराठी घरातील मुलीला दोन्ही दारे जवळजवळ बंदच होती, कारण घराजवळ नौदलाची कचेरी नव्हती आणि घरापासून दूर, गोऱ्या शिपायांच्या गावात, मुलीला एकटी पाठवण्याची समाजाची तयारी नव्हती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचा कायदा केलेल्या संस्थानातही मुलींचे इंग्रजी शिक्षण मूठभर घरांपलीकडे गेले नव्हते. घाटमाथ्यावरील पुरुष मराठा पलटणींत आणि संस्थानच्या फौजेत गेले. नौदलाची जुनी भरती मात्र रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची. तेव्हा या भागातील स्त्रिया नौदलात दिसत नाहीत, हा दोष त्यांच्या धैर्याचा नव्हता.

दुसरे महायुद्ध या प्रदेशात स्त्रियांच्या रूपाने आले ते वेगळ्याच वाटेने. हातकणंगले स्थानकावरून कोल्हापूरकडे जाणारी गाडी रुकडी ओलांडून वळिवडे येथे पोहोचते, आणि त्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. सोव्हिएत रशियातील हद्दपारीतून सुटून इराणमार्गे आलेल्या या लोकांत बायका आणि मुले यांचेच प्रमाण फार मोठे होते, कारण त्यांचे कर्ते पुरुष रणांगणावर होते किंवा मरण पावले होते. शाळा, दवाखाना, चर्च, नाट्यगृह असलेले हे गाव मुख्यतः स्त्रियांनी चालवले. नौदलाशी त्यांचा थेट संबंध जोडणे योग्य होणार नाही. परंतु युद्धात स्त्रीने घराबाहेरची व्यवस्था उभी करावी, हे दृश्य पंचगंगेकाठच्या लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले ते याच छावणीत, मुंबईच्या गोदीत नव्हे.

युद्ध संपल्यानंतरच्या हिवाळ्यात या नौदल-स्त्रियांचा उल्लेख एका अनपेक्षित ठिकाणी येतो. मुंबईतील ‘तलवार’ हे नाव जहाजाचे वाटत असले तरी तो कुलाब्यातील जमिनीवरचा तळ होता आणि तेथे संदेशवहनाचे प्रशिक्षण दिले जाई. फेब्रुवारी १९४६ च्या दुसऱ्या आठवड्यात बराकीसमोरून जाणाऱ्या सेवादलातील स्त्रियांकडे पाहून काही नौसैनिकांनी शिट्ट्या व आवाज काढल्याचे निमित्त होऊन तळाचा प्रमुख कमांडर किंग याने नौसैनिकांना त्यांच्या आईबापांवरून आणि वंशावरून शिव्या दिल्या. त्याविरुद्ध केलेल्या लेखी तक्रारींची दाद लागली नाही, आणि निकृष्ट अन्न, वेतनातील भेदभाव व सेवामुक्तीची अनिश्चितता यांनी आधीच धुमसत असलेला असंतोष १८ फेब्रुवारी रोजी उघड संपाच्या रूपाने पेटला. पुढच्या काही दिवसांत सत्तरहून अधिक जहाजे व किनाऱ्यावरील तळ आणि सुमारे वीस हजार नौसैनिक या उठावात सामील झाले. या प्रसंगाच्या बहुतेक वर्णनांत त्या स्त्रिया केवळ निमित्त म्हणून येतात. त्यांना काय वाटले, त्यांनी तक्रार केली की नाही, हे कोणी विचारले नाही. नौसैनिकांचा स्वाभिमान न्याय्य होता, आणि त्या स्त्रियांचा अवमानही खरा होता. राष्ट्रीय इतिहासाने पहिल्याची नोंद केली आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष केले, हे मान्य करण्यास हरकत नसावी.

या उठावात ज्या मराठी स्त्रियांची नावे इतिहासात आली, त्या गणवेशातील नव्हत्या. नौसैनिकांच्या पाठिंब्यासाठी गिरणगावात संप झाला, आणि २२ फेब्रुवारी १९४६ रोजी परळमध्ये लष्कराच्या गोळीबारात कम्युनिस्ट पक्षाच्या कार्यकर्त्या कमल दोंदे ठार झाल्या व कुसुम रणदिवे यांच्या पायात गोळी लागली. अहिल्या रांगणेकर त्याच ठिकाणी होत्या आणि थोडक्यात बचावल्या. मुंबईत त्या दिवसांत दोनशेहून अधिक माणसे मारली गेली. नौदलाच्या लढ्यासाठी जीव देणारी ज्ञात मराठी स्त्री नौदलाबाहेरची असावी, हा त्या काळच्या नोकरभरतीवरील सर्वांत कठोर अभिप्राय होय.

युद्धोत्तर कपातीत स्त्रियांचे साहाय्यक दल आणि त्याचा नौदल विभाग बरखास्त झाला. स्वतंत्र भारताने हे दार पुन्हा उघडले नाही, उलट त्याला कायद्याची कडी घातली. नौदल अधिनियम १९५७ च्या कलम ९(२) नुसार, केंद्र सरकार अधिसूचनेद्वारे, म्हणजे राजपत्रातील जाहीर आदेशाद्वारे, ज्या शाखा सांगेल त्याखेरीज कोणतीही स्त्री भारतीय नौदलात नियुक्तीस पात्र असणार नाही. वैद्यकीय शाखा हा मोठा अपवाद राहिला: पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या स्त्री-डॉक्टर तिन्ही दलांत गेल्या, आणि त्याच महाविद्यालयाच्या प्रमुख झालेल्या पुनीता अरोरा २००५ मध्ये नौदलात सर्जन व्हाइस अ‍ॅडमिरल या पदावर पोहोचल्या. परिचारिका लष्करी शुश्रूषा सेवेच्या, तेव्हा मुंबईच्या ‘अश्विनी’ या नौदल रुग्णालयात काम करूनही त्या नौदलाच्या गणल्या गेल्या नाहीत. याचा अर्थ असा की १९६५ आणि १९७१ या दोन्ही युद्धांत, कराची बंदरावरील हल्ल्याच्या रात्रीसुद्धा, संदेशकक्षातले ते काम स्त्रियांकडे नव्हते, जे १९४४ मध्ये त्यांच्याकडे होते.

पहिली अधिसूचना निघाली ती ऑक्टोबर १९९१ मध्ये, आणि तीही रसद, कायदा व शिक्षण या तीन शाखांपुरती. १९९२ मध्ये पहिली तुकडी दाखल झाली. या स्त्रियांना मिळाले ते अल्पसेवा कमिशन, म्हणजे ठरावीक वर्षांची अधिकारपदाची नोकरी, ज्यानंतर निवृत्तिवेतनाविना घरी जावे लागे. निवृत्तीच्या वयापर्यंत सेवा देणारे स्थायी कमिशन पुरुषांसाठी राखीव होते. २००८ च्या धोरणाने ते काही शाखांत, आणि पुढील भरतीलाच, देऊ केले. ज्या अधिकाऱ्यांनी चौदा-चौदा वर्षे सेवा केली होती, त्या न्यायालयात गेल्या; दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि केंद्र सरकारच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाने १७ मार्च २०२० रोजी, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड व न्यायमूर्ती अजय रस्तोगी यांच्या पीठाद्वारे, तो कायम केला. समुद्रावरील सेवा स्त्रियांना झेपणार नाही आणि रशियन बनावटीच्या जहाजांवर स्त्रियांसाठी स्वतंत्र स्नानगृहे नाहीत, असे युक्तिवाद सरकारतर्फे झाले होते. ते न्यायालयाने मानले नाहीत.

त्यानंतरची वाटचाल वेगाने झाली. २०२२ पासून अग्निपथ योजनेत स्त्रियांची नौसैनिक म्हणून भरती सुरू झाली, आणि मार्च २०२३ मध्ये ओडिशातील ‘चिल्का’ या प्रशिक्षण तळावरून त्यांची पहिली तुकडी बाहेर पडली. गोव्याच्या ‘मांडवी’ तळावरून निघून केवळ स्त्री-अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून २०१७-१८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली होती, तेव्हा स्त्रियांना समुद्र झेपत नाही हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने फेटाळण्याआधीच पाण्यावर निकाली निघाला होता. डिसेंबर २०२३ मध्ये नौदलप्रमुखांनी जाहीर केले की नौदलाच्या जहाजाचे अधिपत्य प्रथमच एका स्त्रीकडे सोपवण्यात आले आहे. त्या अधिकारी म्हणजे मुंबईच्या लेफ्टनंट कमांडर प्रेरणा देवस्थळी, आणि ते जहाज म्हणजे पश्चिम ताफ्यातील ‘त्रिंकट’ हे गस्ती जहाज. मराठी आरमाराच्या या किनाऱ्यावर जहाजाचा हुकूम स्त्रीच्या हाती येण्यास जिजाबाईंच्या मृत्यूनंतर अडीचशे वर्षे लागली.

मात्र २०२० च्या निकालाने कलम ९(२) रद्द ठरवलेले नाही. न्यायालयाने निष्कर्ष काढला तो एवढाच की ज्या शाखांसाठी अधिसूचना निघाली, त्या शाखांत स्त्री आणि पुरुष यांच्या सेवाशर्तींत भेद करता येणार नाही. स्त्रीचा नौदलातील प्रवेश हा १९४२ मध्ये वटहुकुमावर अवलंबून होता, आणि १९५७ च्या कायद्याने तो अधिसूचनेवर अवलंबून ठेवला.